मदत हवी आहे : ज्वालामुखी फुगला, पण आत मॅग्मा की पाणी?

नमस्कार मंडळी, सोलापुरातून लिहितोय. लेक एमएस्सी जिऑलॉजीला आहे, सेमिनार सोमवारी आहे आणि एका मुद्द्यावर आम्ही दोघंही अडकलोय.

इटलीत ज्वालामुखीच्या भागात वसलेल्या पोझ्झुओली गावाची जमीन 1982 ते 84 मध्ये जवळपास 1.8 मीटर वर आली. जमीन किती उचलली ते जीपीएस आणि उपग्रहाचं रडार सांगतं, पण आत काय शिरलं, मॅग्मा (वितळलेला खडक) की पाणी, ते नाही. त्यासाठी गुरुत्व मोजतात. जमीन 1 सेंटिमीटर वर गेली की गुरुत्व साधारण 3 मायक्रोगॅलने (गुरुत्वातला अगदी बारीक फरक मोजायचं एकक) घटतं. ही घट वजा केल्यावर जे उरतं, ते आतल्या वस्तुमानातल्या बदलाचं.

मी तिला तव्यावरची ज्वारीची भाकरी दाखवली : टम्म फुगली तरी वजन वाढत नाही, आत नुसती वाफ. पुरणपोळीत मात्र पुरण भरलेलं असतं. एवढं तिला पटलं (भाकरी करपली, तो भाग वेगळा).

अडतंय ते भूजलाशी. 10 टक्के पोकळ्या असलेल्या खडकात पाणीपातळी 1 मीटर चढली, तरी गुरुत्व सुमारे 4 मायक्रोगॅलने वाढतं. आमच्या बोअरचं पाणी एका पावसाळ्यात त्याहून कितीतरी जास्त चढतं! मग इटलीतल्याच एटना ज्वालामुखीवर पावसाचं पाणी आणि मॅग्मा वेगळे कसे काढतात? फक्त विहिरींच्या नोंदी पुरतात, की सलग चालणारं ग्रॅव्हिमीटर (गुरुत्व मोजायचं यंत्र) लागतंच?

कुणी प्रत्यक्ष ग्रॅव्हिमीटर हाताळलं असेल तर कृपया रविवारपर्यंत सांगा.