दवाखान्यात रिसेप्शनची मुलगी टिकत नाही, काय करावं? (अशोक चौक, सोलापूर)

जीपी_अशोकचौक

नमस्कार मंडळी. अशोक चौकाजवळ माझा जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना आहे, चार वर्षं झाली. सकाळी 10 ते 2, संध्याकाळी 6 ते 9.30. रोजचे पन्नास-साठ पेशंट. मी, रिसेप्शनला एक मुलगी आणि झाडलोटीला मावशी, एवढाच पसारा. मावशी पहिल्या दिवसापासून आहेत. रिसेप्शनवरची तिसरी मुलगी गेल्या आठवड्यात सोडून गेली.

पहिलीचं लग्न झालं, ते सोडा. दुसरी बीएस्सी झालेली, कॉम्प्युटरवर हात छान. पण माझे निम्मे पेशंट तेलुगू बोलणारे, त्यात विडी कामगार बायका जास्त. 'जरम' म्हणजे ताप, हेही तिला शेवटपर्यंत लक्षात राहिलं नाही. एकदा तापाने फणफणलेलं दहा महिन्यांचं बाळ पाऊण तास बाहेर बसून राहिलं, कारण नंबर चौदावा होता. आत आलं तेव्हा ताप 103. बाळ बरं झालं, पण ते मनातून अजून जात नाही.

तिसरी मात्र हिरा होती. कुंभारीच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून यायची. तेलुगू, कन्नड, मराठी, हिंदी चारही बोलायची. कुणाला आधी आत पाठवायचं ते तिला सांगावं लागत नसे. सात महिन्यांत गेली. 'घरी अडचण आहे' एवढंच म्हणाली. पगार 9,000 होता, 10,500 करतो म्हटलं, तरी नाही.

आता जाहिरात देतोय. मुलाखतीत काय विचारू? नर्सिंग झालेलीच घ्यावी का?

होटगीरोड_क्लिनिक

डॉक्टर, रिसेप्शनला नर्स लागत नाही. पण इंजेक्शन, सलाईनला कुणी हवं असेल तर जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेलीच घ्या, नोंदणी स्वतः डोळ्यांनी बघा. 'चार महिन्यांत शिकवतो' म्हणून रिसेप्शनच्या मुलीच्या हातात सिरिंज देणारे आपल्यातच आहेत. तसं अजिबात करू नका. आणि किमान वेतन दवाखान्यांनाही लागू आहे. त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, तुमचा आकडा एकदा तपासून घ्या.

मुलाखतीत मी फारसं विचारत नाही. तीन दिवस पगारी बसवतो. येमूल, बिराजदार, शेख अशी नावं आणि मोबाईल नंबर गर्दीत नीट लिहिते का, आणि म्हाताऱ्या माणसाशी बोलताना मान वर करते का, एवढं बघतो.

निवृत्त_सिस्टर

डॉक्टर, मी सोलापुरातल्या खासगी दवाखान्यांत 22 वर्षं काम केलंय, म्हणून स्पष्ट लिहिते. राग मानू नका.

तुम्ही मुलाखतीचं विचारताय, पण चांगली मुलगी तुम्हाला मिळाली होती. ती दुपारी 2 ते 6 कुठे बसायची, हे कधी विचारलंत का? कुंभारीला जाऊन परत यायचं तर शेअर रिक्षाचे पैसे दोनदा, आणि घरी जेमतेम दोन-अडीच तास. नाहीतर डबा खाऊन बाकावर बसून राहायचं. रात्री 9.30 म्हणता, पण शेवटचा पेशंट, हिशोब, शटर धरून सव्वादहा होतातच. त्यानंतर अक्कलकोट रोडने एकट्या मुलीने जायचं. 'घरी अडचण' ती हीच. त्यावर दीड हजार वाढवून काय होणार?

खरं कारण कुणी सांगत नाही. मीही नव्हतं सांगितलं. एका दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकाने नंबरावरून मला सगळ्यांसमोर घाणेरडं बोललं. डॉक्टर बाहेर आले आणि मलाच म्हणाले, 'सॉरी म्हणा आणि सोडा त्यांना आत.' मी सॉरी म्हटलं. पुढच्या महिन्यात सासूबाई आजारी असल्याचं सांगून काम सोडलं. सासूबाई ठणठणीत होत्या. त्यानंतर जिथे लागले तिथे 14 वर्षं राहिले. तिथले सर अशा वेळी दारात उभे राहून म्हणायचे, 'नंबर सिस्टर सांगतील तोच.' पगार तिथे पहिल्यापेक्षा कमीच होता.

अजून एक, मावशींबद्दल. त्यांचे हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारी कावीळ) लसीचे तीन डोस झालेत का? कचऱ्याची पिशवी त्याच बांधतात. सुया पांढऱ्या, भोसकल्या न जाणाऱ्या डब्यातच पडायला हव्यात, पण घाईत एखादी पिवळ्या पिशवीत जाते आणि नेमकी मावशीच्या बोटात घुसते. माझ्यासमोर झालंय. बोट दाबत, पिळत बसायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच सिव्हिल गाठायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. हे मावशींना त्यांच्या भाषेत सांगून ठेवा.

जीपी_अशोकचौक

सिस्टर, दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी तिला फोन केला. या वेळी 'का सोडलंस' असं न विचारता 'रात्री घरी कशी जायचीस' असं विचारलं. वडील रोज रात्री घरकुलाच्या कमानीपाशी येऊन उभे राहायचे म्हणे, पावणेअकरापर्यंत. त्यांना पहाटे पाचला कारखान्यावर जावं लागतं. सात महिन्यांत मला याचा पत्ताही नव्हता.

सकाळची पाळी ती करायला तयार आहे. अर्ध्या दिवसाचे 7,000 ठरले. किमान वेतनाचा हिशोब करसल्लागाराकडून तपासून घेतोय, कमी पडत असेल तर वाढवेन.

मावशींचा एकही डोस झालेला नव्हता. काल पहिला दिला. 'मला कशाला साहेब, मी तर केर काढते' म्हणाल्या. दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिल्यात.

आता संध्याकाळसाठी माणूस हवंय. साखर पेठ, भवानी पेठ भागातलं, चालत घरी जाता येईल असं, तेलुगू समजणारं. वेळ 5.45 ते 9.30. त्यानंतरचे पेशंट आणि शटर मी बघेन. कुणी असेल तर इथेच कळवा.