रविवारची लांब झोप आणि जड अंग

एकांनी विचारलंय की आठवडाभर सहा तास झोपून रविवारी अकरापर्यंत झोपलं, तरी अंग जड का? मला वाटतं, झोप जास्त झाली यापेक्षा ती भलत्या वेळी झाली, हे मोठं कारण आहे. आपण अंथरुणात असलो तरी शरीराचं तापमान आणि कॉर्टिसोल (जागं व्हायला मदत करणारं संप्रेरक) पहाटेपासून चढायला लागतात. शरीर जागं व्हायला निघालेलं असतं आणि आपण त्याला पुन्हा झोपवतो. मुंबईहून दोन-तीन तासांच्या फरकाच्या देशात जाऊन आल्यासारखंच ते. झोपेच्या वेळांचे अभ्यासक टिल रोनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याला 'सोशल जेटलॅग' म्हटलं.

रविवारी उशिरा उठल्यावर डोकंही दुखत असेल, तर त्याबद्दल माझी एक वेगळी शंका. शनिवारी संध्याकाळी पाचला शेवटचा चहा आणि रविवारी अकराला पहिला, म्हणजे मध्ये अठरा तास गेले. रोज तीन-चार कप पिणाऱ्याचं डोकं कॅफीनअभावीही दुखतं. सकाळी नेहमीच्या वेळी चहा घेऊन बघा.

दुपारी तासभर झोपून उठल्यावरचं सुन्नपण मात्र गाढ झोपेतून मध्येच उठल्यामुळे येतं. वीस मिनिटांचा गजर लावला की ते बरंच टळतं.

पण रोजच नऊ-दहा तास झोपूनही थकवा असेल तर कृपया 'आळस' म्हणून सोडू नका. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, नैराश्य, यातलं काहीही असू शकतं. माझ्या आईला आम्ही वर्षभर 'लवकर उठत जा' सांगत होतो. थायरॉइड निघाला.