कॉम्प्लेक्स पियानो म्युझिक : क्लिष्ट, जटिल की पेचदार?

माझी भाची गिरगावात आमच्याकडेच राहते आणि गेले सात महिने लिगेती या हंगेरियन संगीतकाराचं एक पियानो एट्यूड, म्हणजे सरावाच्या वळणाची रचना, घेऊन बसलीये, नाव 'देझोर्द्र', म्हणजे अव्यवस्था, १९८५ चं. पुढच्या महिन्यात बिल्डिंगमधल्या वीस-पंचवीस लोकांसमोर वाजवणार आहे, त्यासाठी एक पानभर मराठी टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी पहिल्याच वाक्याला अडकलोय. मी लिहिलं, 'अत्यंत क्लिष्ट रचना'. ती म्हणाली, "मामा, क्लिष्ट कुठे, हे तर नुसतं पळतंय!"

प्रकार असा आहे. उजवा हात फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर, डावा फक्त काळ्या. दोघं एकदम निघतात, तीन अधिक पाच अशा आठ-आठच्या गटांनी, आणि मग ठरावीक अंतराने उजव्या हातातला एक गट आठाऐवजी सातचा येतो, म्हणजे उजवा हात एक मात्रा खातो आणि पुढे सटकतो. आघात आधी एकत्र पडत होते ते हळूहळू फाकत जातात. तिने कागदावर उजव्याचे आघात लाल आणि डाव्याचे निळ्या पेन्सिलने खुणा करून ठेवलेत, वरच्या ओळीत लाल-निळं एकाखाली एक आणि चौथ्या ओळीपर्यंत निळं कुठेतरी मागे राहिलेलं. तबल्याच्या क्लासात मात्रा खाल्ली की गुरुजी ठेका थांबवायचे, इथे खाल्लेली मात्रा हीच रचना आहे. याला एक शब्द हवाय.

प्रतिसाद १
क्लिष्ट नकोच. क्लेश आणि क्लिष्ट एकाच धातूतले, म्हणजे शब्दातच ऐकणाऱ्याचा त्रास आला, टिपण वाचतानाच माणूस बिचकेल. जटिल घ्या, त्यात जटा आहे, केस एकमेकांत गुंतलेत पण प्रत्येक केस वेगळा आहेच.

प्रतिसाद २
मी तबला वाजवतो. चार मात्रांत पाच बसवले की सव्वापट, त्याला आम्ही कुआड म्हणतो, चारात सात म्हणजे बिआड, दीडपटीला आड. दोन हातांत दोन लयी म्हटल्या की हे शब्द लगेच तोंडात येतात आणि टिपणात वापरले तर आपल्या लोकांना पटकन पोचेल, पण जरा जपून, कारण लयकारीत, म्हणजे लयीच्या अशा खेळात, कितीही लांब गेलात तरी ठेका खाली चालू असतो आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आपली वाट बघत असते. तुम्ही सांगताय त्यात ठेका धरणारा कोणीच नाही, दोन्ही हात स्वतःचा हिशोब चालवतायत. त्यामुळे लयकारी नाही म्हणणार. मला विचाराल तर पेचदार. पेचदार तान म्हणतोच की आपण, आणि त्यात कौतुक असतं.

प्रतिसाद ३
अवघड, जटिल, दुर्बोध हे तीन वेगळे ठेवा. अवघड वाजवणाऱ्याला, जटिल रचना, दुर्बोध ऐकणाऱ्याला. ब्रिटिश संगीतकार फर्नीहोचं पियानोवरचं 'लेमा-आयकॉन-एपिग्राम' (१९८१) घ्या, त्यात दीडपटीच्या पोटात सव्वापट असले गट लिहिलेले असतात, तिथे तिन्ही एकदम लागू. आणि संगीतकार सोराबजी विसरू नका, त्याचे वडील मुंबईत जन्मलेले पारशी इंजिनियर, तो स्वतः इंग्लंडात वाढला. त्याचं 'ओपस क्लाव्हिचेंबालिस्टिकम' त्याने १९३० मध्ये ग्लासगोला स्वतः वाजवलं, ते चार तासांच्या वर जातं. तिथे मला जटिलपेक्षा 'अजस्र' बरोबर वाटतो.

मूळ लेखक
तिघांचेही आभार, खरंच कामाला आलं. अवघड-जटिल-दुर्बोध ही फोड मला पूर्ण पटली, कारण भाचीचं तेच म्हणणं होतं, तिला ते अवघड आहे पण ऐकायला दुर्बोध नाही, आमच्या आईला पहिल्यांदा ऐकून आवडलं, ती म्हणाली दोन पोरं जिन्यावरून धावत उतरतायत आणि एक पुढे गेलंय.

पेचदारचं मी रात्रभर घोळवलं. पेच वळणात असतो, एकाच तानेत, पतंगाच्या पेचातही दोन मांजे एकमेकांना घासतात. इथे दोन हात घासत नाहीत, फाकतात. म्हणून जटिल ठेवतोय, पण एकदाच.

अप्रिशिएशनला रसग्रहण लिहिलं होतं, ते काढलं, शाळेच्या पेपरातला प्रश्न वाटतो. आपण म्हणतो हात बसला, कान तयार झाला, तेच लिहिलं. तिचा एकेक हात तीन महिन्यांत बसला आणि दोन्ही एकत्र आणल्यावर दोन्ही मोडले, पुढचे चार महिने त्यातच गेले. टिपण आता असं सुरू होतं :

"दोन्ही हात एकत्र निघतील. उजवा हळूहळू पुढे जाईल. सम शोधू नका, दोघांमधलं अंतर ऐका."

'फाकणे' टिपणात चालेल का की 'दुरावणे' बरं, तेवढं सांगा, रविवारी छापायला द्यायचंय.