पाहुणा खेळाडू बर्फावर पडतो तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यातला एक क्षण डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतेय. विषय बर्फावरच्या हॉकीचा आहे. पाहणाऱ्यांनी लिहावंच, पण खेळणाऱ्यांनी आणि मुलांना रिंकवर घेऊन जाणाऱ्यांनीही लिहावं.

आमच्या बचावपटूने पाहुण्या संघाच्या विंगरला (कडेने खेळणाऱ्या आक्रमकाला) बोर्डवर, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीवर, असा दणका दिला की काच थरथरली. चेक, म्हणजे अंगाने दिलेली धडक, नियमातला होता, खांद्याला खांदा. अख्खं अरीना उभं राहिलं, मीही. दोन्ही हात वर करून घसा फाटेस्तोवर ओरडले. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, पुढे गेला, नजर पकामागे गेली आणि तीन-चार सेकंदांनी लक्षात आलं की तो मुलगा उठलेलाच नाही. शांतता सगळीकडे एकदम झाली नाही. काचेलगतच्या रांगा आधी गप्प झाल्या, मग मधल्या, मग सगळ्यात वर बसलेले आम्ही. माझ्या मागे दोघंतिघं तरीही ओरडत होते, "उचला त्याला, खेळ सुरू करा!" माझे हात वरच राहिले होते. खाली घेताना लाज वाटली.

चांगल्या चेकला दाद देण्यात मला गैर वाटत नाही. पण समोरचा पडून राहिल्यावर आपण काय करतो? तुम्ही पाहिलेलं, केलेलं, दोन्ही लिहा. आपलं चुकलं असेल तर तेही.

---

मी अठरा हंगाम सीझन तिकीट काढून बघतोय. कुणी पडलेला असतानाही प्रेक्षकांतून हुर्यो का उडते ते सांगतो. समर्थन करत नाही, पण कारण माहीत असलेलं बरं.

एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगच्या, नियमांत दुखापतीला वजन आहे. उंच गेलेली स्टिक तोंडावर लागली तर दोन मिनिटं बाहेर बसायची शिक्षा, त्यातून रक्त आलं तर सहसा चार. मागून ढकलून बोर्डवर आपटलं तर धडकेची तीव्रता बघून दोनाची पाच मिनिटं होऊ शकतात, आणि पाच मिनिटांची शिक्षा गोल झाला तरी संपत नाही. त्यामुळे प्रतिस्पर्धी आडवा झाला की प्रेक्षकांना पहिली शंका येते ती नाटकाची. तसं नाटक करणारे आहेतही, त्यासाठी वेगळी शिक्षाच ठेवलेली आहे.

दुसरी गोष्ट शिट्टीची. जखमी खेळाडूच्या संघाकडे पक येईपर्यंत खेळ थांबत नाही, पण दुखापत गंभीर दिसली तर पंच लगेच थांबवतात. समजा, पक आमच्याकडे आहे, गोलसमोर जागा मोकळी आहे आणि तेवढ्यात शिट्टी वाजली, की हुर्यो उठते. बहुतेकांचा राग शिट्टीवर असतो. पण बर्फावर पडलेल्याला ते कसं कळणार? त्याला फक्त हुर्यो ऐकू येते.

मीही एकदा शेजाऱ्याला मोठ्याने म्हणालो होतो, "बघच, पॉवरप्ले मिळाला की उड्या मारेल." (पॉवरप्ले म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेवर असताना एक खेळाडू जास्त घेऊन खेळणं.) त्याला स्ट्रेचरवरून नेलं. तेव्हापासून कुणीही पडलं तरी तो हलेपर्यंत मी तोंड उघडत नाही.

---

माझा मुलगा बारा वर्षांखालच्या संघात गोलरक्षक आहे. मुलांना पहिल्याच वर्षी शिकवतात, कुणीही पडून राहिलं, आपला किंवा त्यांचा, की असाल तिथे एक गुडघा टेकायचा आणि थांबायचं. सांगायला सोपं, पण बर्फावरची दहा-बारा मुलं एकदम गुडघ्यावर बसलेली बघितली की आतून हलतं.

एका सामन्यात समोरच्या संघाचा एक लहानखुरा मुलगा आमच्या मुलाच्या स्केटला अडखळून डोक्यावर आपटला. रिंकवर सगळी मुलं टेकली. बाकांवर मात्र आम्ही पालक भांडत होतो. "पेनल्टी नव्हतीच ती!" "पोराला आवरा!" आवाज आमच्याकडून आणि समोरूनही. मी स्वतः ओरडत नव्हते, पण माझ्या शेजारणीला थांबवलंही नाही. शेवटी आमच्या प्रशिक्षकांनी बेंचवरून मागे वळून नुसता हात वर केला. एक शब्द बोलले नाहीत. सगळे गप्प झाले.

तो मुलगा उठून आईच्या दिशेने बघत होता. त्या गोंगाटात त्याला आई सापडत नव्हती. हे मी अजून विसरलेले नाही. घरी येताना गाडीत मुलाने विचारलं, "तुम्ही लोक का नाही टेकत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या सामन्याआधी आम्ही पाच-सहा जणींनी ठरवलं की कुणी पडलं तर आपण खाली बसायचं आणि बोलणं बंद. आता बाकीचेही बसतात.

---

एप्रिल 2016, फिलाडेल्फिया, प्लेऑफचा तिसरा सामना, वॉशिंग्टनविरुद्ध. टीव्हीवर पाहिला होता. फिलाडेल्फियाच्या फ्लायर्स संघाचे संस्थापक एड स्नायडर आठवड्यापूर्वीच वारले होते. त्यांच्या आठवणीसाठी प्रेक्षकांना लुकलुकणारे मनगटी पट्टे दिले होते. वॉशिंग्टनच्या ओर्लोव्हला मागून धडक बसली, तो बर्फावर असतानाच वरून पट्ट्यांचा पाऊस पडला. निवेदक लू नोलन माईकवरून लोकांना बजावत होते, तरी थांबले नाहीत आणि शेवटी घरच्याच संघाला शिक्षा झाली. सामना वॉशिंग्टनने 6-1 असा जिंकला. एका माणसाच्या स्मृतीसाठी हातात दिलेली वस्तू दुसऱ्या पडलेल्या माणसाच्या आसपास येऊन पडते, हे मला आजही सहन होत नाही.

---

मी हौशी लीगच्या सामन्यांना प्रथमोपचारासाठी बसतो. आमच्या बाजूची गोष्ट सांगतो.

खेळाडूपर्यंत पोचल्यावर पहिलं काम मान धरून डोकं स्थिर ठेवणं. मग प्रश्न. नाव काय, कुठे दुखतंय, बोटं हलवता येतात का, मुंग्या येतात का. तो उत्तर देतो ते पुटपुटत, तोंडात माउथगार्ड असतो, श्वास अडकलेला असतो. वर गिल्ला चालू असेल तर मला त्याच्या ओठांना कान लावावा लागतो. एकदा तोच प्रश्न तीनदा विचारावा लागला होता. कारण घरचे प्रेक्षक त्याच्याच नंबरावरून काहीतरी घोष करत होते आणि तो माझ्याकडे न बघता वर बघत होता. त्याला मान वळवू द्यायची नव्हती.

म्हणून सांगतो, तुमची शांतता म्हणजे केवळ सभ्यपणा नाही, आम्हाला ती कामाला येते. आणि तो उठून बसल्यावर ज्या टाळ्या येतात त्याही. नाडी मोजताना माझ्या बोटांना त्यांचा फरक जाणवलाय, असं मला वाटतं.

---

अवघड जातंय, पण लिहितो. 2004 साली मी व्हँकुव्हरचा कट्टर समर्थक होतो. 16 फेब्रुवारीला कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरने आमचा कर्णधार मार्कस नासलुंडला धडक दिली, डोक्याला मार बसला, पंचांनी शिक्षा दिली नाही. आम्ही तीन आठवडे तो राग उराशी धरून होतो. खेळाडू, रेडिओवर बोलणारे, कामावरचे मित्र, सगळे एकच भाषा बोलत होते, "8 मार्चला येतोय ना इथे."

8 मार्चला टॉड बर्टुझीने मूरला मागून पकडून ठोसा मारला आणि त्याच्यावरच कोसळला. मी घरी सोफ्यावरून उठून टाळी वाजवली. एकच टाळी, पण वाजवली. मग पडद्यावर बर्फावरचं रक्त दिसलं. मानेचे तीन मणके मोडले होते. मूर एनएचएलमध्ये पुन्हा कधीच खेळला नाही. पुढे कोर्टकचेरी झाली, बर्टुझीने गुन्हा कबूल केला, ते सगळं वाचत राहिलो. ठोसा बर्टुझीचा होता हे खरं. पण तो ठोसा पडावा म्हणून तीन आठवडे वाट बघणाऱ्यांत मी होतो.

---

वरचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. असं लिहायला धैर्य लागतं, तुमचे आभार. बाकीच्यांनीही लिहा. चांगलं पाहिलं असेल तर तेही यायला हवं.

---

चांगलं म्हणाल तर बफेलो. 1989 च्या मार्चमध्ये तिथे घरच्याच गोलरक्षकाची, क्लिंट मालारचुकची, गळ्याची शीर स्केटच्या पात्याने कापली गेली होती. संघाच्या ट्रेनरने शीर बोटांनी दाबून धरली म्हणून तो वाचला. पुढे 10 फेब्रुवारी 2008 ला त्याच शहरात फ्लोरिडाचा रिचर्ड झेडनिक आपल्याच सहकाऱ्याच्या स्केटने मानेला कापला गेला. गळा धरून तो स्वतः बेंचपर्यंत आला. मी तो सामना टीव्हीवर बघत होते. खेळ थांबला. तो स्थिर आहे आणि त्याला रुग्णालयात नेलंय असं कळल्यावर मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या, फ्लोरिडाशी माझं काही देणंघेणं नसताना. त्याच्या पुढच्या हंगामात तो पुन्हा खेळला.

---

बर्फावर मी पडलो होतो, म्हणून तिथून काय ऐकू येतं ते सांगतो. स्थानिक लीग, परक्यांची रिंक, गुडघा फिरला. कान बर्फाला टेकलेला असला की वरचे आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, पण बर्फातून येणारे अगदी जवळ. कुणाचं तरी स्केट घासत थांबलं. मग टक टक टक. आधी एक स्टिक, मग बऱ्याच. खेळाडू टाळीऐवजी अशी स्टिक ठोकतात. आमचा बेंच दूर होता, म्हणजे ठोकणारे समोरच्या संघाचेच होते. प्रेक्षकांतून कुणीतरी "बाळा, आईकडे जा" असं ओरडलं तेही ऐकलं. खोटं कशाला बोलू, ते लागलं. पण लक्षात राहिलीय ती टकटक.

---

28 ऑक्टोबर 2023. शेफिल्डमध्ये नॉटिंगहमच्या ॲडम जॉन्सनला पात्याने मान कापून प्राण गमवावे लागले. तो पाहुण्या संघाचा होता. सामना सोडून देण्यात आला, प्रेक्षकांना बाहेर जायला सांगितलं. नंतर नॉटिंगहमला त्याच्या स्मरणार्थ सामना झाला तेव्हा 47 व्या मिनिटाला टाळ्या वाजल्या, त्याचा नंबर 47 होता. ब्रिटनच्या सर्वात वरच्या लीगमध्ये 2024 पासून गळ्याचं संरक्षक कवच सक्तीचं झालं. माझी मुलगी आता ते कुरकुर न करता बांधते. यावर जास्त लिहवत नाही.

---

शेवटी माझा. कामानिमित्त दुसऱ्या शहरात होतो, आमच्या संघाचा जर्सी घालून त्यांच्या अरीनात गेलो. मागच्या रांगेतला एक दांडगा गृहस्थ पहिल्या मिनिटापासून माझ्या मागे लागला होता. आमचा गोल झाला की माझ्या खुर्चीच्या पाठीवर थाप, त्यांचा झाला की कानाशी आरोळी. दुसऱ्या सत्रात आमच्या तेवीस नंबरला पक थेट कानाखाली लागला. तो हातांवर टेकून उठायला गेला आणि परत खाली बसला. आसपास कुणीतरी हसलं. मी वळलो नाही, मला भांडण नको होतं. मागून त्या गृहस्थाचा आवाज आला, "गप्प बस रे." बस एवढंच. तेवीस नंबर टॉवेल धरून आत गेला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी नाही, पण बऱ्याच जणांनी.

तिसऱ्या सत्रात तो पुन्हा माझ्या खुर्चीवर थापा मारू लागला. आम्ही हरलो. जिन्यावर गर्दीत माझ्या खांद्यावर हात पडला. मला वाटलं, आता काहीतरी ऐकवणार. त्याने विचारलं, "तुमच्या तेवीस नंबरचं काही कळलं का?" मी फोन काढला आणि आम्ही दोघं जिन्याच्या कडेला थांबून बातमी शोधत राहिलो.