जपान : एएलटीची नोकरी सोडून भारतीय शाळेत जायचंय, व्हिसाचं काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबेल. अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

मी मूळची इचलकरंजीची. एम.एस्सी. फिजिक्स, बी.एड. कोल्हापुरात सहा वर्षं अकरावी-बारावीला शिकवलं. एप्रिल २०२३ पासून जपानमध्ये, सैतामात एएलटी आहे. म्हणजे सरकारी प्राथमिक शाळेत इंग्रजीच्या तासाला वर्गशिक्षकांच्या जोडीला असते ती सहायक शिक्षिका. पण मी शाळेची नोकर नाही, शाळांना माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीची आहे. करार दर वर्षी एप्रिल ते मार्च. झाइर्यू कार्डावर, म्हणजे परदेशी माणसाच्या इथल्या निवासी ओळखपत्रावर, 'क्योइकु' (शिक्षणकाम) हा निवासी दर्जा, मुदत ९ एप्रिल २०२६. नवरा आणि साडेचार वर्षांचा मुलगा माझ्यावर अवलंबून म्हणून 'काझोकु ताइझाइ' या कुटुंबीयांच्या दर्जावर आहेत. नवरा आठवड्याला २८ तासांच्या मर्यादेत एका गोदामात काम करतो, मुलगा होइकुएनमध्ये (पाळणाघरात) जातो. माझ्या कार्डाचं काही बिनसलं तर तिघांचंही बिनसतं.

शाळेबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. मुलं गोड आहेत, शिक्षक सांभाळून घेतात. पण ऑगस्टमध्ये शाळा बंद म्हणून कंपनी जवळजवळ अर्धाच पगार देते. यंदा हातात ९८ हजार येन आले, त्यातले ७१ हजार घरभाड्यात गेले. आणि खरं सांगायचं तर माझा विषय सुटत चाललाय. गेल्या महिन्यात सहावीचा विज्ञानाचा तास चालू होता, तरफेचा. एक मुलगी टेकूपासून तिसऱ्या खुणेवर दोन वजनं अडकवून दांडी का कलते म्हणून बघत बसली होती. दुसऱ्या बाजूला सहाव्या खुणेवर एक वजन लाव, एवढंच सांगायचं होतं. मी दारात उभी, हातात इंग्रजीची चित्रकार्डं. तिथे बोलायचा मला अधिकार नव्हता. घरी येऊन खूप वेळ गप्प बसले होते.

आता टोक्योतल्या एका सीबीएसई अभ्यासक्रमाच्या शाळेने नववी ते बारावीच्या फिजिक्ससाठी बोलावलंय. पगार २ लाख ८० हजार, सध्या २ लाख १५ आहे. अडचण अशी की त्यांचे सर डिसेंबरअखेर भारतात परततायत, त्यामुळे त्यांना मी जानेवारीपासून हवी आहे. कंपनीच्या समन्वयकाला नुसतं विचारून पाहिलं, तर म्हणाला, मध्येच सोडलंत तर आम्ही तुमचा व्हिसा रद्द करू आणि बदली माणूस शोधायचा खर्च म्हणून दीड लाख येन कापू. करारातही तसं एक कलम आहे. त्या रात्री झोप लागली नाही.

कंपनीला खरंच व्हिसा रद्द करता येतो का? दीड लाख द्यावे लागतील का? आणि नवी शाळा म्हणते, 'क्योइकु' आहे ना, मग काहीच करायला नको. हे बरोबर आहे का? ज्यांनी इथे शिक्षकाची नोकरी बदलली आहे त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, आधी घाबरणं थांबवा. व्हिसा रद्द करणं हे फक्त इमिग्रेशनच्या हातात आहे, कंपनीच्या नाही. कंपनी फार तर तुम्ही सोडून गेलात एवढं कळवते. तुम्हाला स्वतःला मात्र नोकरी सुटल्यापासून १४ दिवसांत, आणि नवी लागली की पुन्हा १४ दिवसांत, इमिग्रेशनला कळवावं लागतं. ऑनलाइन होतं. ते चुकवू नका, दंड २ लाख येनपर्यंत होऊ शकतो. आणि सबळ कारण नसताना तीन महिने दर्जाप्रमाणे काम केलं नाही, तर दर्जा काढून घेता येतो.

आता नव्या शाळेचं. 'काहीच करायला नको' यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ती शाळा 'काकुशु गाक्को' (नेहमीच्या शाळांहून वेगळा, पण सरकारमान्य शाळांचा एक प्रकार) म्हणून मान्यताप्राप्त आहे का, हे लेखी विचारा. असेल तर 'क्योइकु' चालेल. एखादी कंपनी शाळा चालवत असेल आणि तशी मान्यता नसेल, तर 'गिजिन्कोकु'मध्ये, म्हणजे कंपन्यांत पदवीच्या जोरावर काम करणाऱ्यांच्या दर्जात, दर्जा बदलून घ्यावा लागतो. तुमची पदवी आणि विषय जुळतात, त्यामुळे बदल अवघड नाही. पण परवानगी हातात येण्याआधी तिथे एक तासही शिकवू नका.

प्रतिसाद २

दीड लाखांबद्दल. जपानच्या कामगार मानक कायद्याचं (१९४७) कलम १६ बघा. नोकरी सोडल्यास अमुक रक्कम दंड, असं आधीच ठरवून ठेवायला त्यात सरळ बंदी आहे. करारात लिहिलं असलं तरी ते कलम टिकत नाही. पगारातून परस्पर कापले तर रोदो किजुन कांतोकुशोमध्ये, म्हणजे कामगार कायद्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी ऑफिसात, तक्रार करता येते. योत्सुयाला परदेशी लोकांसाठी फ्रेस्क नावाचं सरकारी मदत केंद्र आहे. इमिग्रेशन, कायदा सल्ला, कामगार विभाग, सगळे एकाच मजल्यावर बसतात. करार घेऊन जा.

पण दुसरी बाजूही सांगतो. तुमचा करार एकेका वर्षाचा आहे. मुदतीच्या आत सोडायचं तर दिवाणी संहितेच्या कलम ६२८ प्रमाणे अपरिहार्य कारण लागतं. चांगली नोकरी मिळाली हे त्यात बसवणं कठीण. त्यामुळे जायचंच असेल तर भांडून नको, संमतीने जा. आणि ताइशोकु शोमेइशो, म्हणजे नोकरी सोडल्याचा दाखला, मागून घ्या. मागितल्यावर तो देणं कंपनीला बंधनकारक आहे.

प्रतिसाद ३

मी मराठी माध्यमातली. मलाही एएलटी व्हायचं होतं, पण या कामासाठी 'क्योइकु' मिळायला बारा वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं लागतं, तिथेच अडले. आता खासगी शाळेत गणित शिकवते, 'गिजिन्कोकु'वर. ताई, तुमचं शालेय शिक्षण इंग्रजी माध्यमातलं असणार म्हणून तुम्हाला हे दार उघडलं. म्हणूनच एक सांगते, दर्जा बदलला की हे दार मागे बंद होतं. 'गिजिन्कोकु'चं नवं कार्ड हातात पडल्यावर सरकारी शाळेत एएलटीचं काम वेगळ्या परवानगीशिवाय चालत नाही. माझ्या मैत्रिणीने फेब्रुवारीत कार्ड घेतलं, आणि मार्चपर्यंतच्या कामाचं काय, म्हणून तिची पळापळ झाली.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नव्या शाळेला लेखी विचारलं. काल उत्तर आलं: शाळा कंपनी चालवते, काकुशु गाक्को नाही. म्हणजे दर्जा बदलावाच लागणार. नुसत्या तोंडी शब्दावर जानेवारीत रुजू झाले असते तर काय झालं असतं, या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

प्रतिसाद १

मग मार्ग सरळ आहे. रुजू होण्याची तारीख १ एप्रिल घाला. जानेवारीत दर्जा बदलाचा अर्ज करा. साधारण एक-दोन महिने लागतात. निकालाचं पोस्टकार्ड लवकर आलं तर त्यावरची शेवटची तारीख बघून, एएलटीचं काम संपल्यावरच नवं कार्ड आणायला जा. निकालाला उशीर झाला तरी भिऊ नका. मुदतीच्या आत अर्ज केलेला असेल तर ९ एप्रिलनंतरही निकाल लागेपर्यंत, जास्तीत जास्त दोन महिने, राहता येतं. शुल्क १ एप्रिल २०२५ पासून खिडकीवर ६,००० येन झालंय, आधी ४,००० होतं.

धागाकर्ती

शाळेच्या मुख्याध्यापकांशी आज फोनवर बोलले. मराठीच आहेत, नगरचे. तीन महिने दहावीचे तास दुसऱ्या मॅडम घेतील, तुम्ही कागद नीट करून एप्रिललाच या, म्हणाले. कंपनीला मार्चनंतर करार वाढवणार नाही असं लेखी कळवलंय. समन्वयक या वेळी काहीच बोलला नाही.

आज चौथीच्या वर्गातून निघताना एकाने बाही धरून विचारलं, "राइनेन मो कुरु?" पुढच्या वर्षीही येणार ना? मला उत्तर देता आलं नाही. मुलांना कधी सांगायचं, ते वर्गशिक्षकांना विचारून ठरवेन.

आता एकच उरलंय. नवऱ्याची आणि मुलाची मुदतही ९ एप्रिललाच संपतेय. त्यांचे मुदतवाढीचे अर्ज माझ्या दर्जा बदलाच्या अर्जाबरोबर एकाच दिवशी, एकाच खिडकीवर देता येतात का? सैतामाच्या ऑफिसात कुणी केलं असेल तर कागद काय काय नेले, तेवढं लिहा.