चौकीबाहेर सेल्फी पॉइंट, आत प्रिंटर बंद

कोलशेतकर: आमच्या भागातल्या एका पोलीस चौकीबाहेर सेल्फी पॉइंट झालाय. सलाम ठोकणारा फायबरचा पोलीस, मागे एलईडीची महिरप, वर ‘पोलीस आपले मित्र’. परवा मोबाइल हरवल्याचा अर्ज द्यायला गेलो, तर आत प्रिंटर बंद. हवालदार बिचारे म्हणाले, "समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून दोन प्रती आणा, शिक्का मारून देतो." पाऊस होता म्हणून महिरपीखाली उभा राहूनच अर्ज लिहिला. उजेड झकास होता, खोटं कशाला बोलू! पण प्रिंटरला पैसे नाहीत आणि महिरपीला आहेत, हे गणित कोणी समजावेल का?

वाशी सेक्टर १७: काका, सगळी जाहिरात एका मापाने मोजू नका. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांना ‘डिजिटल अरेस्ट’वाल्यांनी (फोनवर खोटे पोलीस बनून अटकेची भीती घालून पैसे उकळणारे) गाठलं. पैसे गेल्यावर लिफ्टमधल्या पोलिसांच्या स्टिकरवर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर १९३० दिसला, अर्ध्या तासात फोन केला. तक्रार लगेच गेली तर पैसे पुढे वळायच्या आत बँक ते खातं गोठवू शकते. त्यांचे बरेचसे वाचले. स्टिकरही सरकारी खर्चातलाच ना?

कोलशेतकर: त्या स्टिकरला दंडवत. त्यावर नंबर मोठा होता म्हणून आजोबांना दिसला. आमच्या नाक्यावरच्या फ्लेक्सवर चार हसरे चेहरे आहेत आणि मदतीचा नंबर ११२ खाली कोपऱ्यात, नगरसेवक भाऊंच्या कोपराजवळ. चष्मा लावूनही शोधावा लागतो.

कलम-कसाई: चेहऱ्यांचं म्हणाल तर १३ मे २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारी जाहिरातींत फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीशांच्या फोटोंना मुभा ठेवली होती. राज्यं फेरविचार मागायला गेली आणि मार्च २०१६ मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्रीही आत आले. नगरसेवक त्या यादीत तेव्हाही नव्हता, आताही नाही. भाऊंनी फ्लेक्स स्वतःच्या खिशातून लावला असेल तर गोष्ट वेगळी. (लावला असेल?)

वर्दीवाल्याची बायको: एवढं बोलताय म्हणून सांगते. लोक पोलीस दिसला की रस्ता बदलतात. २ जानेवारीच्या स्थापना दिनाला शाळेची मुलं ठाण्यात येतात तेव्हा निम्मी दारातच रडायला लागतात, कारण घरी "पोलिसाला देईन" म्हणून भीती घातलेली. तीच मुलं त्या पुतळ्याला टाळी देतात. आमच्या क्वार्टरचं छत गळतं, दर पावसाळ्यात हॉलमध्ये दोन बादल्या असतात. पण महिरप काढली म्हणून त्या पैशात कोणी आमच्या गच्चीवर डांबर टाकणार नाही. सरकारी पैसा असा इकडून तिकडे जातो का कधी?

तीन हात नाका: वहिनी म्हणतात ते पटलं, तरी दुसरी बाजू बघा. सरकारने हात आखडला की सराफ आणि बिल्डर पुढे येतात. रस्त्यावरचे बॅरिकेड नीट पाहिलेत? ‘वाहतूक पोलीस’ वर लहान, ‘शुद्ध सोने’ खाली मोठं. उद्या त्याच पेढीसमोर डबल पार्किंग झालं तर पावती कोण फाडणार? त्यापेक्षा तिजोरीतून रीतसर खर्च करा, निदान हिशोब तरी मागता येईल.

वाशी सेक्टर १७: आता ई-चलान आहे हो, कॅमेरा सराफ ओळखत नाही 😄

तीन हात नाका: कॅमेरा नाही ओळखत. टोइंगवाला ओळखतो.

कोलशेतकर: हिशोबावरून आठवलं, माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांच्या आत, आता ३० दिवस वाट बघायची. महिरपीचा खर्च ‘जाहिरात व प्रसिद्धी’त टाकला की दुसऱ्याच कुठल्या शीर्षाखाली, एवढंच विचारलंय. वहिनी, तुमच्या छताचाही टाकू का? एका अर्जात एकच विषय चालतो, त्यामुळे वेगळा लिहीन.

वर्दीवाल्याची बायको: टाका. फक्त इमारतीचा नंबर लिहू नका, ह्यांची बदली व्हायची.