मदत हवी आहे: सी च्या युनियनमध्ये पोती २५ भरली, छापून आली १०९५२३७६३२

सांगलीच्या मार्केट यार्डात मामांचं हळदीचं अडत दुकान आहे. सुट्टीत त्यांच्यासाठी सी मध्ये लॉटची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्रॅम लिहितोय. क्लासमध्ये "युनियनने मेमरी वाचते" एवढंच कानावर पडलेलं, म्हणून लॉटचं युनियन (सगळे मेंबर एकाच जागेत) केलं. मेंबर तीन: मालाचं नाव (२० चा कॅरेक्टर ॲरे), पोती इंट (पूर्णांक), वजन फ्लोट (दशांश).

आधी नावात इंग्रजी अक्षरांत राजापुरी कॉपी केलं, मग पोती २५, शेवटी वजन १२.५ क्विंटल. छापल्यावर वजन बरोबर, नाव कोरं, आणि पोती शीर्षकात लिहिली तेवढी. मामा म्हणाले, "एवढ्याला गोडाऊन कुठनं आणू रे?"

मला वाटलेलं, युनियन म्हणजे हरिपूरचं पेव. माल एकाच खड्ड्यात, पण ज्याचा त्याला परत मिळतो. स्ट्रक्चर (प्रत्येक मेंबरला वेगळी जागा) केलं की सगळं नीट येतं, पण साइझऑफ (किती बाइट लागतात ते) २८, युनियनचं २०. युनियनमध्ये वजनाला फ्लोटऐवजी डबल (८ बाइटचा दशांश) हा प्रकार दिला तर पोती ० आणि साइझऑफ २४! सगळ्यात मोठा मेंबर २० चा, मग वरचे ४ कुठनं आले? जीसीसी कंपायलर, ६४ बिट लिनक्स, इंटेल.

प्रतिसाद:
भावा, पेव नाही, लिहायची पाटी समज. तिन्ही मेंबरचे मेमरीतले पत्ते छापून बघ, एकच येईल. शेवटचं लिहिलेलं तेवढं खरं. फ्लोट १२.५ म्हणजे हेक्समध्ये (१६ च्या पायात) ४१४८००००. तेच चार बाइट इंट म्हणून वाचलेस की तुझी पोती. इंटेलवर खालचा बाइट आधी बसतो, म्हणून पहिला बाइट शून्य, आणि सी मधली स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) शून्य बाइटला संपते. नाव तिथेच गेलं. गंमत म्हणून पाचव्या अक्षरापासून छापून बघ. (स्टँडर्ड हमी देत नाही, पण बहुतेक दिसेल.)

२४ चं कारण अलाइनमेंट. तुझ्या मशीनवर डबल ८ च्या पटीतल्या पत्त्यावर बसतो. ॲरेमधल्या पुढच्या लॉटचाही बसायला हवा, म्हणून २० चे २४ होतात.

तुला तिन्ही एकाच वेळी हवेत, तेव्हा स्ट्रक्चरच वापर. लॉटमागे ८ बाइट वाचवून काय वाडा बांधणार आहेस? हळदीला वजन नाहीतर बेदाण्याला बॉक्स, असं दोनातलं एकच लागणार असेल तिथे युनियन कर. आत काय आहे ते युनियनला स्वतःला कळत नाही, त्यासाठी बाहेर स्ट्रक्चरमध्ये एक ईनम (ठरलेल्या नावांतलं एक धरणारी खूण) ठेव आणि वाचण्याआधी तो तपास.

धागाकर्ता:
दादा, "पुरी" आलं! राजा गेला, पुरी राहिली. मामांना दाखवलं तर म्हणाले, पोती आधी नीट कर. स्ट्रक्चर केलंय. बेदाण्याचं ईनम लावून उद्या बघतो.